दोरीवर पुन्हा पुन्हा दिसणारे कपडे

होस्टेलच्या एखाद्या खोलीत सकाळी डोकावून बघा. एकीच्या कपाटाचं दार कपड्यांच्या ढिगामुळे नीट लागत नाही, आणि पहिल्या लेक्चरला उशीर होत असताना ती त्याच ढिगासमोर उभी राहून म्हणते, ‘‘यार, घालायला काहीच नाहीये!’’ शेजारच्या कॉटवरच्या मुलीकडे जेमतेम दहा-बारा कपडे. त्यातले काही फॅशन स्ट्रीटवरचे, काही ताईचे वापरून झालेले. पण ‘काय मस्त राहते ही’ असं वर्गात बोललं जातं ते या दुसरीबद्दल. मुलांच्या होस्टेलवर वेगळं काही नसतं; तिथला ढीग कपाटाऐवजी खुर्चीवर असतो, इतकंच.

खर्च जास्त करणारीला घालायला मिळत नाही आणि कमी करणारी उठून दिसते, हे कसं? उपजत आवड वगैरे थोडीफार असेलही. पण यातलं बरंचसं साध्या हिशेबानं, थोड्या मानसशास्त्रानं आणि कापडाच्या गुणधर्मांनी उलगडतं. माझं मत असं, की परवडत नाही म्हणून जे कपडे पुन्हा पुन्हा घालावे लागतात, त्यांच्यातूनच माणसाची स्टाइल घडते. म्हणजे महिन्याच्या खर्चातून कपड्यांसाठी दोन-चारशे रुपये बाजूला काढणाऱ्या मुलाला घाबरण्याचं कारण नाही. त्यानं ते कुठे घालवायचे, एवढाच प्रश्न आहे.

भरलेल्या कपाटाचं गणित

समजा, तुमच्याकडे सहा टॉप किंवा शर्ट आहेत आणि तीन पँट. प्रत्येक टॉप प्रत्येक पँटवर जात असेल, तर सहा त्रिक अठरा जोड्या झाल्या. त्यात सगळ्यांवर चालेल असं एक डेनिमचं जॅकेट आलं, की ते घालून अठरा आणि न घालता अठरा, अशा ३६. कपडे मात्र फक्त दहा.

आता सातवा टॉप घेतला. तो तिन्ही पँटवर गेला, तर जॅकेट बाजूला ठेवून मूळच्या अठरा जोड्यांत तीनची भर पडली. पण तो पोपटी, चमकीचा, एकाच पँटवर जेमतेम शोभणारा असेल, तर भर एकाचीच. उलट त्याच सहा टॉपवर चालणारी चौथी पँट घेतली असती, तर एकदम सहा जोड्या वाढल्या असत्या. तरी आपण टॉपच घेतो, कारण टॉप स्वस्त असतो, हँगरवर डोळ्यांत भरतो आणि सेल्फीत कमरेच्या वरचंच येतं. मग वीस टॉप आणि दोन जीन्स अशी कपाटं तयार होतात. टॉप जास्त लागतात हे खरंच आहे. टॉपला घाम लागतो, तो रोज धुवावा लागतो, आणि जीन्स मात्र तीन-चारदा घालून धुतली तरी चालते. पण आठव्या टॉपकडे हात जाताना हा हिशेब एकदा मनात करून बघावा.

स्वयंपाकघराच्या फळीवर सोया सॉस, ओरेगॅनो, तीन प्रकारच्या चटण्या आहेत आणि तांदूळ, कणीक, कांदे-बटाटे संपलेत, अशी कल्पना करा. फळी भरलेली आणि जेवायला काही नाही. काळा, पांढरा, राखाडी, नेव्ही ब्लू, खाकी आणि डेनिमचा निळा हे कपाटातले कांदे-बटाटे. ते कशातही पडतात, कशाशीही जमवून घेतात. ते पुरेसे असले, की एखादा राणी रंगाचा कुर्ता किंवा फुलाफुलांचा शर्ट खुशाल घ्यावा.

एकाच पँटवर जाणाऱ्या कपड्याचा आणखी एक उपद्रव आहे. त्याला सोबत लागते. चमकीच्या टॉपला साजेशी पँट हवी, मग तिला शोभणारी सँडल. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो यांनी १७६९ मध्ये एका निबंधात हीच तक्रार केली होती. नवा भारी झगा मिळाला आणि त्याच्यापुढे खोलीतल्या बाकी वस्तू कळकट दिसू लागल्या, म्हणून त्याही एकेक बदलाव्या लागल्या. या साखळीला पुढे १९८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी ‘दिदरो इफेक्ट’ असं नाव दिलं.

किमतीकडे बघण्याची एक युक्तीही इथेच सांगून टाकतो. कपड्याची किंमत तो जितक्या वेळा घातला जाईल त्या संख्येनं भागायची. तीनशेचा टॉप चारदा घालून कोपऱ्यात पडला, तर दर वेळेचे ७५ रुपये पडले. नऊशेची पँट दोन वर्षांत नव्वद वेळा घातली, तर दहा.

पण सगळे बघतात ना!

‘परवाच हा शर्ट घातला होता, आज परत कसा घालू?’ ही भीती खरी असते, पण तिचं माप चुकलेलं असतं. २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या पोरांच्या दृष्टीनं हा गायक म्हणजे लाज वाटावी असा. तो टी-शर्ट घालून एकेकाला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, की किती जणांनी तुझ्या छातीवरचा चेहरा ओळखला असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता, साधारण निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखणारे निघाले एक चतुर्थांशाच्या आसपास. याला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ म्हणतात. आपल्या अंगावर काय आहे हे आपल्याला सतत जाणवत असतं, म्हणून समोरच्यालाही ते तितकंच जाणवतंय असं आपण धरून चालतो. समोरचा तेव्हा स्वतःच्या पोटाचा किंवा केसांचा विचार करत असतो.

इन्स्टाग्रामनं यात थोडी गडबड केली आहे, हे मान्य. वर्गातली माणसं विसरतात, फोटो विसरत नाही. पण कपडा फोटोत एकदा आला म्हणून तो बाद, हा नियम विक्री वाढवणाऱ्यांच्या सोयीचा आहे. विद्यार्थ्यानं तो पाळायचं काही कारण मला दिसत नाही.

स्टाइल येते कुठून?

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आठवा. धोतर आणि चौकड्यांचा कोट. वर्षानुवर्षं तोच वेश, आणि पाठमोरा काढला तरी तो ओळखू येतो. गायिका उषा उथुप यांची कांजीवरम, ठसठशीत टिकली आणि केसांतली फुलं हेही तसंच. डोळा असा काम करतो: एखादी गोष्ट एकदा दिसली तर ती निसटून जाते, पुन्हा पुन्हा दिसली की मेंदू ती त्या माणसाच्या नावाशी जोडून ठेवतो. रोज वेगळं काहीतरी घालणाऱ्याबद्दल हे जोडकाम होतच नाही. त्याचे कपडे लक्षात राहत नाहीत, राहिला तर खर्च राहतो.

म्हणून स्टाइल शोधायला मॉलमध्ये जाऊ नये. होस्टेलच्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे जावं. महिनाभर नुसतं बघा, त्या दोरीवर तुमचं काय काय पुन्हा पुन्हा येतं. त्या कपड्यांत काही समान असतं. कदाचित सगळे कॉलरचे असतील, किंवा सगळे सैल आणि सुती असतील, किंवा निळ्याच्याच वेगवेगळ्या छटा निघतील. तुमच्या हातांनी निवड आधीच केलेली असते, तुम्ही ती वाचलेली नसते. जे दोरीवर कधीच येत नाही त्याचंही कारण शोधावं. गळा टोचतो, बसमध्ये दांडीला हात धरला की वर सरकतं, स्कूटीवर ओढणी चाकात जाईल म्हणून भीती वाटते. (ही शेवटची भीती रास्त आहे. गाडीवर ओढणी बांधूनच बसावं.) पुण्याच्या उन्हात दुचाकीवर फिरणारी मुलगी आणि विरारहून लोकलनं येणारा मुलगा यांचे सोयीचे कपडे एक असणारच नाहीत, मग स्टाइल तरी एक कशी असेल?

कुणी म्हणेल, शिकायला आलात, कपड्यांचं एवढं काय? हा प्रश्न बहुधा ज्यांना कपड्यांवरून कधी कुणी जोखलं नाही अशांकडून येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण ठरलेले जडशीळ दागिने उतरवायला सांगितलं होतं. माणूस काय नेसतो यावरून त्याला त्याची पायरी दाखवली जात असेल, तर नेसणं हा किरकोळ विषय राहत नाही. गावाकडून पहिल्यांदा शहरातल्या कॉलेजात आलेल्या मुलाला नीट बसणारा इस्त्रीचा शर्ट का हवा असतो, हे त्यावरून समजावं.

‘रिजेक्ट’ माल चांगला कसा निघतो?

मुंबईत आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट, वांद्र्याचा लिंकिंग रोड, पुण्याच्या कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. इथे ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ आणि ‘एक्स्पोर्ट रिजेक्ट’ हे शब्द कानावर येतात. माल परदेशी दुकानासाठी शिवलेला, मग इथे इतका स्वस्त का?

परदेशी कंपनीनं पाच हजार शर्टांची ऑर्डर दिली, की कारखाना थोडे जास्तच कापतो, कारण कापताना आणि शिवताना काही वाया जाणार हे धरलेलं असतं. वाया कमी गेले तर उरलेले शर्ट शिल्लक राहतात. तो झाला सरप्लस. त्यात मापांचा मेळ नसतो, एकाच डिझाइनमध्ये स्मॉल ढीगभर आणि मीडियम एकही नाही, असं होतं. कंपनीचं नाव बाजारात स्वस्तात फिरू नये म्हणून बऱ्याचदा गळ्यामागचं लेबल कापलेलं असतं.

रिजेक्टची गोष्ट जास्त गमतीची आहे. हजारो कपडे एकेक करून तपासणं परवडत नाही, म्हणून तपासनीस ठरलेल्या तक्त्याप्रमाणे त्यातले काही नमुने उचलतो. नमुन्यातल्या दोषांची संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली, तर सगळा लॉट नापास होऊ शकतो. या मर्यादेला ‘ॲक्सेप्टेबल क्वालिटी लिमिट’ म्हणतात. म्हणजे नापास झालेल्या गठ्ठ्यात दोष असलेले शर्ट थोडे आणि निर्दोष शर्ट पुष्कळ, असं सहज घडतं. कधी दोष इतकाच असतो, की रंगाची छटा मंजूर नमुन्याशी जुळली नाही किंवा माल जहाजावर चढायला उशीर झाला. तुमच्या शर्टाच्या छटेचा मंजूर नमुना तुमच्या वर्गात कुणीही पाहिलेला नाही.

अर्थात रस्त्यावर ‘एक्स्पोर्ट’ म्हणून ओरडून विकलं जाणारं सगळंच एक्स्पोर्टचं नसतं. लेबलवर विश्वास ठेवण्यापेक्षा कपडा उलटा करून बघावा.

*चौकट: कपडा हातात आला, की*

*• आतली बाजू बघा. शिवणीचे टाके जवळजवळ आणि सरळ आहेत का, कडा ओव्हरलॉक केलेल्या आहेत का. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलेली असेल तर कपडा पुढे सैल करता येतो.*

*• टी-शर्ट दोन्ही बाजूंच्या शिवणी जुळवून सपाट धरा. खालची कड तिरकी गेली, तर धुतल्यावर तो आणखी पिळवटेल.*

*• चौकड्यांच्या शर्टात खिशावरच्या आणि पट्टीवरच्या रेघा जुळतात का ते बघा. जुळवायला कापड जास्त लागतं. त्यावरून शिवणाऱ्यानं कुठे कुठे काटकसर केली असेल याचा अंदाज येतो.*

*• कापड उजेडासमोर धरा. विरळ, ठिकठिकाणी पारदर्शक दिसलं तर सोडून द्या.*

*• मुठीत दाबून सोडा. तुमच्याकडे इस्त्री नसेल, तर तेव्हा पडलेल्या सुरकुत्या तुमच्याच.*

कापड काय काय करतं

टी-शर्टची बगलेखालची शिवण चार धुण्यांनंतर पोटावर येते, हे कुणाला माहीत नाही? टी-शर्टचं कापड विणलेल्या फाशांचं असतं आणि त्याचं सूत पीळ देऊन बनवलेलं असतं. पाणी लागलं की तो पीळ सुटायला बघतो, फासे एका बाजूला कलतात आणि सगळं कापड तिरकं होतं. स्वस्तात काम उरकताना सुताचा आणि कापडाचा हा ताण आधी काढलेला नसतो. तो मग तुमच्या बादलीत निघतो.

कापूस आणि पॉलिस्टर यांतला फरक घामात कळतो. सुती कापड हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के इतकी धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे पॉलिस्टर लवकर वाळतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हा फार मोठा गुण आहे. पण अंगावरचा घाम ते शोषत नाही, आणि शरीराचं तेल त्याला चिकटून राहतं. धुतलेल्या जिम टी-शर्टलाही पुन्हा घाम आला की वास सुटतो, तो त्यामुळे. मिश्र कापडावर काखेत गोळे येतात, त्याचंही कारण हेच दोन धागे. घर्षणानं तंतूंची टोकं बाहेर येऊन गुंततात. निव्वळ सुती कापडावरचे गोळे गळून पडतात, पण मिश्र कापडात पॉलिस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात.

कॉलेजातल्या मुलींच्या कुर्त्यांत सर्वांत जास्त दिसतं ते रेयॉन. लाकडाच्या लगद्यापासून बनलेलं हे कापड मऊ असतं, छान सळसळतं, स्वस्त मिळतं. पण ओलं झालं की ते कमजोर होतं. कापूस ओला झाल्यावर उलट अधिक मजबूत होतो. म्हणून आजीनं सुती साडी धोपटली तरी ती टिकायची आणि रेयॉनचा कुर्ता पिळला की शिवणीत उसवतो. रेयॉन पिळू नये, नुसतं निथळू द्यावं. ते आटतंही, तेव्हा घेताना बोटभर लांबच घ्यावं.

आणि रंग? दुकानातल्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेली काळी पँट आणि काळा कुर्ता रस्त्यावर आल्यावर एक लालसर, एक हिरवट दिसतात. कपडा स्वतःवर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत पाठवतो, तो आपल्याला रंग म्हणून दिसतो. दोन काळ्या रंगांची रसायनं वेगळी असतील, तर एका दिव्यात ते सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर जाणत्या बायका साडी घेऊन दुकानाच्या दाराशी उजेडात येतात, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. खरं तर जवळजवळ जुळणारे रंग घालूच नयेत. थोडासा फरक चूक वाटतो, मोठा फरक मुद्दाम केलेला वाटतो.

कोपऱ्यावरचा टेलर

पाचशेचा शर्ट दोन हजारांचा दिसतो तो मापात बसल्यामुळे, आणि हे काम गल्लीतला आल्टरवाला थोडक्या पैशांत करतो. मात्र त्याच्याकडून काय होतं आणि काय नाही, ते आधीच माहीत हवं. पँटची उंची, कंबर, शर्टाच्या बाजू, कुर्त्याची लांबी ही सोपी कामं. खांदा आणि मुंढा अवघड. खांदा आत घ्यायचा तर बाही उसवायची, खांदा कापायचा, मुंढ्याचा गोल नव्यानं काढायचा आणि त्यात बाही पुन्हा बसवायची, म्हणजे निम्मा शर्ट परत शिवण्यासारखं. म्हणून रस्त्यावरून शर्ट घेताना आधी खांदा बघावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी येत असेल, तर बाकीचं जमवता येईल. ओव्हरसाइझ्ड टी-शर्टचा खांदा मुद्दाम उतरवलेला असतो, पण त्याची लांबी आणि बाही त्या हिशेबानंच कापलेली असते. दोन मापं मोठा साधा टी-शर्ट घेऊन तो परिणाम येत नाही, दादाचा कपडा घातल्यासारखं दिसतं.

घरातलं कपाट

सर्वांत स्वस्त दुकान घरीच असतं. बाबांचे नव्वदीतले रुंद कॉलरचे शर्ट आज पुन्हा चालतात. आईच्या जुन्या साड्या बोहारणीच्या पाटीत जाण्याआधी एकदा उलगडून बघाव्यात. साडीत साधारण साडेपाच मीटर कापड असतं आणि साध्या कुर्त्याला अडीच मीटरच्या आसपास लागतं, म्हणजे कुर्ता होऊन वर ओढणी किंवा स्कर्टही निघतो.

पण सुती साडी आणि रेशमी साडी यांत फरक करावा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीच्या रेघेवर पिचतं. तिथे जरीचं काम असेल, तर ती रेघ आणखी कमकुवत होते. वरून काही दिसत नाही, शिवताना ताण पडला की तिथेच चीर जाते. साडी खिडकीसमोर धरली की पिचलेल्या रेघा उजेडात दिसतात. त्या खडूनं आखून घ्याव्यात आणि टेलरला कापाचे भाग त्यांच्या मधल्या जागेतून काढायला सांगावं. पदराचा तुकडा पाठीला लावावा, काठ बाहीला आणि खालच्या कडेला. आतून मऊ सुती अस्तर लावलं, तर ताण अस्तरावर येतो आणि जुनं रेशीम आणखी काही वर्षं निभावतं. कात्री लावण्याआधी आईला मात्र जरूर विचारा. साडी जुनी झाली आहे, हे मत पुष्कळदा एकट्या मुलीचंच असतं.